परवाची गोष्ट

बाळकुमच्या डायलिसिस सेंटरमध्ये माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, शेजारच्या खाटेवर एक बाई असायच्या. गळ्यात छोटा क्रूस, उशाशी बायबल आणि एक जाडजूड कादंबरी. मशीन सुरू झालं की त्या डोळे मिटून सगळ्यांसाठी प्रार्थना करायच्या, मशीनसाठीसुद्धा. मग कादंबरी मोठ्याने वाचायच्या.

एकदा अण्णा वैतागून मला म्हणाले, "बस झालं. आता परत येणार नाही."

बाई वाचतच राहिल्या. कादंबरीत दारावर थाप पडली आणि त्यांनी पुस्तक मिटलं.

"अहो, दारात कोण होतं?" अण्णांनी विचारलं.

"ते परवा. जीव प्रभूच्या हातात आहे, पण परवा यावंसं वाटायला गोष्ट बरी पडते."

तिसऱ्या दिवशी मी उठलो, तर अण्णा चपला घालून तयार. म्हणाले, "आटप लवकर. त्या माझ्याशिवाय पुढे वाचतील."