बुरशी ओळखणारी

हवेतल्या कणांवर अतिनील प्रकाश टाकून, त्यांच्या चमकेवरून घातक बुरशी ओळखणारं आमचं यंत्र मी जुळवलं. भिवंडीत नाव मात्र माझ्या सहकारिणीचं झालं. लूमच्या कारखान्यात शिरली की ती आधी प्रत्येकाच्या खोकल्याची चौकशी करते, निम्मी मराठीत, निम्मी हिंदीत. यंत्र नंतर.

धामणकर नाक्यावरच्या एका कारखान्याच्या मालकांना मी आलेख दाखवला, तेव्हा ते नुसते हसले. तिने त्यांच्याच ओलसर सुताचं पोतं यंत्रासमोर झटकलं. पडदा ठिपक्यांनी भरून गेला.

"चाचा, हीच बुरशी कामगारांच्या छातीत जाते."

चाचांनी त्याच दिवशी गोदाम रिकामं करायला घेतलं. मी आतून जळलो.

काल मी एका कारखान्यात एकटाच गेलो. दारातच एका कामगाराने विचारलं, "म्याडम न्हाय आल्या?"

"यंत्र आणलंय ना," मी म्हणालो.

"मंग त्या येतील तवाच लावू."