बिजागरीचा तुकडा

हर्सूलला ओळखीच्या एका मिस्त्रींचं लेथचं वर्कशॉप आहे. युद्धातल्या विमानांचे सुटे भाग ओळखण्याचा त्यांना नाद आहे, म्हणून आजोबांच्या ट्रंकेतला एक वाकडा, हलका धातूचा तुकडा मी त्यांच्याकडे नेला. महायुद्धात आपण विमानं दुरुस्त करायचो, असं आजोबा सांगायचे. घरातले सगळे हसायचे. फक्त माझ्या आईचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, विश्वास होता.

मिस्त्रींनी तुकडा रॉकेलनं पुसला, नखानं वाजवला आणि वास घेतला. "आधी हे काय नाय ते बघू," म्हणाले. ही त्यांची नेहमीची रीत. पुढे दर शनिवारी मी जायचो आणि त्यांनी एखादी शक्यता खोडलेली असायची. "ट्रॅक्टरचं नाय. मोटारीचं बी नाय."

एकदा कंटाळून मी म्हटलं, "विमानाचंच आहे म्हणून सांगून टाका की. आई खूश होईल."

चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "खोटं सांगून कशाला खूश करायचं त्यांना?"

तीन महिन्यांनी ते स्वतःच पुंडलिकनगरला आमच्या घरी आले आणि थेट आईसमोर बसले. जुन्या पुस्तिकेतल्या चित्राशी तुकड्यावरचा नंबर जुळवून दाखवत म्हणाले, "मावशी, ही लढाईतल्या विमानाच्या पंखाची बिजागरी हाय. असली वस्तू विमान खोलणाऱ्याच्याच हाती पडती. तुमचे वडील खरं सांगत व्हते."

आईनं डोळ्यांना पदर लावला. मग ती आजोबांविषयी बोलू लागली, आणि मिस्त्री दोन तास ऐकत बसले. तिला इतकं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.