सातवा चिंचोका

माझ्या बायकोच्या मावशींना भेटून ज्याला धक्का बसला नाही, असा माणूस अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान सापडायचा नाही. आणि सापडलाच, तर तो मावशींना नव्हे, दुसऱ्याच कुणाला तरी भेटलेला असणार. दिसायला तशा अगदी साध्या. पाच फुटांच्या आत उंची, सुती साडी, बारीक आवाज, आणि नुकतंच देवदर्शन करून आल्यासारखा शांत चेहरा. या चेहऱ्यानेच सगळा घात होतो. अमरावतीच्या एका खासगी शाळेत त्यांनी जवळजवळ तीस वर्षं बालवाडी सांभाळली, आणि एवढ्या वर्षांत जगातल्या वस्तूंचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार उरले: लेकरांच्या हातात देता येतील अशा, आणि देता येणार नाहीत अशा. पहिल्या प्रकारातली वस्तू कोणाच्या मालकीची आहे, हा प्रश्न त्यांना पडत नसे.

मला पहिला धक्का माझ्याच लग्नात बसला. गुरुजींनी पाटावर तांदळाच्या राशी घालून नवग्रहांच्या सुपाऱ्या मांडल्या होत्या. विधी आटोपून ते सामान आवरायला वळले, तर पाटावर नुसते तांदूळ. गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांनी पाटाखाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मामांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तेवढ्यात मागून बारीक आवाज आला, "मी घेतल्या गुरुजी. नऊच्या नऊ एकसारख्या आहेत. मोजायले अशा गोल वस्तू भेटत नाहीत हो."

"अहो बाई, ते ग्रह आहेत!" गुरुजी जवळजवळ ओरडलेच.

"मंग तर चांगलंच झालं," मावशी पर्सची चेन लावत म्हणाल्या. "लेकरं जपून हाताळतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या शेरवानीला आठपैकी तीनच बटणं होती. मी कोणाला काही विचारलं नाही. मी अकोल्याच्या कॉलेजात गणित शिकवतो. आठातून तीन वजा जाता पाच कुठे गेली असतील, हे मला कळत होतं.

त्यांच्या अमरावतीच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा दारावर 'दार', माठावर 'माठ', खिडकीवर 'खिडकी' अशा ठसठशीत अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. शेजारची लहान मुलं येताजाता वाचतात, म्हणून ही सोय. बडनेऱ्याला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले मावशींचे यजमान, म्हणजे काका, सोफ्यावर पेपर वाचत बसले होते आणि त्यांच्या सदऱ्याला टाचणीने 'काका' अशी चिठ्ठी लावलेली होती. मला वाटलं, गंमत असेल. पण काका ती तशीच लावून बाजारात जाऊन आले होते. "भाजीवालीनं विचारलं, काका, हे काय?" काका शांतपणे म्हणाले. "मी म्हटलं, वाचता आलं ना तुले? मंग बरोबर आहे." इतक्या वर्षांच्या संसारानंतर माणूस कोणत्या पायरीला पोचतो, ते पाहून मला भीती वाटली.

त्याच जेवणात, चार पाहुण्यांसमोर, मावशींनी मला डोळे मिटायला लावले आणि हातात एक पुठ्ठा दिला. पॉलिश पेपर कापून त्यावर अक्षर चिकटवलेलं होतं. सुताराकडून उरलेले तुकडे आणून त्यांनी अख्खी वर्णमाला तशी केली होती. मुलांनी आधी बोटाने अक्षर गिरवायचं, त्याचा आवाज काढायचा, पेन्सिल नंतर. मी खरखरीत रेषेवरून दोनदा बोट फिरवलं आणि ठामपणे म्हणालो, "क." तो ळ होता. "काही हरकत नाही जवाईबुवा," मावशी माझ्या पानात वरण वाढत म्हणाल्या. "आमच्या मोठ्या गटातल्या लेकरांलेही पहिल्या आठवड्यात जमत नाही." पाहुणे हसले. मी डॉक्टरेट केलेला माणूस मान खाली घालून भात कालवत राहिलो.

एकदा बडनेऱ्याच्या फलाटावर मी सोबत असताना त्यांचा बोरा, म्हणजे पोतं, खडखडला, म्हणून एका पोलिसाने अडवलं. "यात काय आहे बाई?"

"गणित," मावशी म्हणाल्या.

पोलीस चपापला. त्याने बोरा उघडायला लावला. आत चिंचोके, बाटल्यांची झाकणं, ज्वारीच्या धांड्याच्या, म्हणजे वाळलेल्या ताटांच्या, मापात कापलेल्या कांड्या. मी चहा घेऊन परत आलो तेव्हा तो पोलीस उकिडवा बसून धांडे लहान-मोठ्या क्रमाने लावत होता आणि मावशी त्याला सांगत होत्या, "घाई नको करू बापा, दोन सोबत धरून पाह्य."

हे सगळं मी हसून सोडून देत असे. मावशी प्रेमळ आहेत, जरा चक्रम आहेत, आणि गणिताशी या उद्योगाचा काही संबंध नाही, असं माझं पक्कं मत होतं. ते मत एका दुपारी, माझ्याच घरात, दोन मिनिटांत मोडलं.

आमची सई तेव्हा पाच वर्षांची होती. अकोल्यातल्या एका नावाजलेल्या शाळेच्या केजीत होती. तिथून बोलावणं आलं. बाई म्हणाल्या, मुलगी मागे आहे, वाचत नाही, आकड्यांत गोंधळते, पुढच्या वर्गात घालता येणार नाही. मला राग आला. सईला एक ते शंभर अंक घडाघडा येत होते. मी स्वतः रोज संध्याकाळी म्हणून घेत होतो. घरी येऊन बायको रडली. मी शाळेला नावं ठेवली. आणि आमचा आवाज चढला की सई गप्प कोपऱ्यात जाऊन बसायची, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही. बायकोने मावशींना फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या हजर.

त्यांनी सईला शंभरपर्यंत म्हणायला लावलंच नाही. जमिनीवर बसल्या आणि दहा चिंचोके ओळीत मांडले. सईने बोट ठेवून एक, दोन, तीन करत दहापर्यंत बिनचूक मोजले. मी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग मावशी म्हणाल्या, "सई, मले सात दे बरं."

सईने ओळीतला सातवा चिंचोका उचलला आणि तो एकटा मावशींच्या हातावर ठेवला.

"हे सात आहे?"

"हो," सई म्हणाली. "हा सात आहे. त्याच्या बाजूचा आठ."

मी उभाच राहिलो. पायाखालची फरशी सरकते म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. पंधरा वर्षं मी पोरांना संच, फलन, अनंत श्रेणी शिकवत होतो, आणि माझ्या घरात माझ्या मुलीला सात हे एका चिंचोक्याचं नाव वाटत होतं! जसं हिचं नाव सई, तसं त्याचं नाव सात. बायकोने माझ्या हाताला धरून मला खुर्चीवर बसवलं.

"तिचं काही चुकलं नाही," मावशी म्हणाल्या. "तुमी एकेकावर बोट ठेवून एकेक नाव सांगतलं. तिनं नावं पाठ केली. हुशार आहे म्हणून शंभर नावं पाठ झाली. पण सात म्हणजे हे सारे मिळून, हे तिले कोणी सांगतलंच नाही."

"ते सांगायचं असतं?" मी विचारलं. तोवर ते मला आपोआप येणारं वाटत होतं, दात येतात तसं.

"सांगून कळत नाही जवाईबुवा. ओंजळीत घेऊन कळते. मी घेऊन जातो हिले महिनाभर."

शाळा बुडेल, असं मी पुटपुटलो. "शाळा तशीही तिले पुढं नेऊन नाही राहिली," मावशी म्हणाल्या, आणि सईच्या फ्रॉकचा घेर धरून त्यात मूठमूठ चिंचोके टाकू लागल्या.

तिसऱ्या आठवड्यात मी न कळवता अमरावतीला गेलो, थेट बालवाडीत. बाहेरून वर्गाचा आवाज येत नव्हता. बालवाडी आणि शांतता! मला वाटलं काहीतरी अपघात झाला. धावत दारात गेलो, तर वीस-बावीस मुलं पालथी, उताणी, उकिडवी, आपापल्या कामात गढलेली. कोणी सरकी आणि चिंचोके निवडून वेगळे करत होतं, कोणी डोळे मिटून पॉलिश पेपरच्या अक्षरावर बोट फिरवत होतं. भिंतीवर मुलांच्या नावांच्या पट्ट्या होत्या, कारण मावशींकडे पहिलं अक्षर अननसाचं नसे, ज्याच्या-त्याच्या नावाचं असे. सईने मला पाहिलं आणि घोटभर पाणी प्यायला उठावं तशी उठून जवळ आली. "बाबा, तुम्ही आज नववे मोठे आहात," ती म्हणाली. "आठ आई आल्या होत्या सोडायला. आणि सगळे मिळून नऊ." ती परत जाऊन बसली.

मी मुक्काम केला, आणि म्हणून पुढचं मला डोळ्यांनी पाहावं लागलं. शनिवारी-रविवारी शाळेत साफसफाई झाली. बालवाडीच्या खोलीत भिंतीवर मोठा स्क्रीन बसणार होता. सोमवारी सकाळी मी सईला सोडायला मावशींसोबत गेलो. खोली रिकामी होती. कपाटं रिकामी, भिंती पुसलेल्या, फरशी ओली. बोरे, कांड्या, अक्षरांचे पुठ्ठे, नावांच्या पट्ट्या, सगळं रविवारी घंटागाडीत गेलं होतं.

जगाला धक्के देणाऱ्या बाईला धक्का बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्या ओरडल्या नाहीत. रिकाम्या कपाटाच्या फळीवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं. मुख्याध्यापक माणूस म्हणून वाईट नव्हते. धावत आले. "बाई, खरंच सांगतो, आम्हाला तो कचरा वाटला."

"कचराच होता सर," मावशी म्हणाल्या. "लेकरं हात लावत होते म्हणून साहित्य झालं होतं."

मला त्या सरांची कॉलर धरावीशी वाटत होती. पण तोवर मुलं यायला लागली होती. ती दारात थबकून रिकाम्या खोलीकडे पाहत होती. एक मुलगी तर रडायच्या बेतात होती. मावशींनी पदराने चेहरा पुसला, बाहेर व्हरांड्यात आल्या आणि म्हणाल्या, "आज कोणी चपला रांगेत ठेवू नका. साऱ्या इथी माझ्यासमोर टाका." चपलांचा डोंगर झाला. मग दिवसभर त्या डोंगरातून जोड्या लागल्या. पट्ट्यांच्या वेगळ्या, बुटांच्या वेगळ्या, लहानापासून मोठीपर्यंत ओळ लागली. मुलांनी ओळीवरून उड्या मारल्या. एका मुलाने शोध लावला की मुलं कितीही असली तरी चपला उरत नाहीत, दोन-दोन करून संपतातच. शेवटी मावशींनी मलाही बूट काढायला लावले. माझे बूट ओळीत शेवटी गेले आणि मी मोज्यांवर उभा राहून गणिताचा एक तास पाहिला, तसा मी आजवर घेऊ शकलेलो नाही.

घरी आल्यावर मात्र त्या जेवल्या नाहीत. काका शेजारी बसून राहिले. आठवड्याने स्क्रीन आला, तेव्हा मावशींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याचं एवढं मोठं खोकं मात्र रिक्षात घालून घरी आणलं आणि रात्रीच्या जेवणाआधी त्यातून अठ्ठेचाळीस अक्षरांचे पुठ्ठे कापून झाले होते.

महिना संपला आणि मी सईला न्यायला गेलो. परतीच्या गाडीची वाट पाहत आम्ही फलाटावर बसलो होतो. सई पाण्याच्या टाकीपाशी गेली आणि तिथे भिंतीवर रंगवलेल्या अक्षरांवरून बोट फिरवू लागली. मी हाक मारली, ती वळली नाही. "न," ती म्हणाली. मग, "ळ." थांबली. मग जरा मोठ्याने, "नळ. बाबा, इथे नळ लिहिलंय!" आणि तिने भिंतीवरची अक्षरं सोडून नळाला हात लावला, तो खराच नळ आहे का, हे पाहायला. मी नुसता तोटी सोडून पाणी प्यायलो, तहान नसताना.

सई आता तेरा वर्षांची आहे. तिची उंची मावशींच्या वर गेली आहे आणि बीजगणित ती माझ्याकडून शिकायला नाखूश असते. मावशी निवृत्त होऊन काही वर्षं झाली. त्यांची बालवाडी त्यानंतर बंद झाली. मुलं मिळेनात, असं शाळा म्हणते.

परवा अमरावतीला गेलो, तर सकाळी मावशी फाटकात उभ्या. कॉलनीतल्या लहान मुलांना न्यायला शाळेची व्हॅन येते. व्हॅनवाला त्यांच्या फाटकापाशी दोन मिनिटं थांबतो. त्याने हे का मान्य केलं, ते तोच जाणे. खिडक्यांतून चिमुकले हात बाहेर आले. मावशींनी एकेका हातावर कापडाची छोटी पिशवी ठेवली. आत काय आहे ते न पाहता चाचपून ओळखायचं. कोणी ओरडलं, कोणी हसलं. पिशव्या परत घेतल्या, व्हॅन सुरू झाली आणि कोपऱ्यावरून वळली. मावशी फाटकाची कडी धरून तिकडे पाहत राहिल्या.

"पुढच्या आठवड्यात सुट्ट्या लागतात यांले," त्या म्हणाल्या. "मंग दोन महिने व्हॅन नाही येत."

मी म्हणालो, "मग तुम्ही अकोल्याला चला ना मावशी. सईलाही बरं वाटेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्याच शांत चेहऱ्याने, जरा हसून.

"येतो की," त्या म्हणाल्या. "पण जवाईबुवा, तुमच्या घरी आता पाच वर्षांचं कोण आहे?"