डावं दार

आई गेल्यानंतर महिन्याभराने बाबांनी गाडीच्या चारही दारांची आतली पॅनेलं बदलायला काढली. काळी, जुनी विलायती गाडी. मुलुंडला आमच्या इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी उभी असायची. ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास आमच्या गल्लीत गाड्या दोनच, आणि त्यातली एक आमची, याचा मला भारी तोरा होता. मी तेव्हा चोवीस वर्षांची, घाटकोपरला एका ऑफिसात टायपिस्ट होते.

पुढचं डावं दार, आईच्या बाजूचं, वर्षभर आतून उघडत नव्हतं. हँडल ओढलं की नुसतं हलायचं. मग बाबा उतरून, वळसा घालून, बाहेरून तिला दार उघडून द्यायचे. शेजारच्या बायकांना त्याचं फार कौतुक. "बघा, अजून बायकोला कसे जपतात!" आई हसायची आणि घरात आल्यावर म्हणायची, "अहो, ते दार एकदा बघा ना."

"बघतो रविवारी."

रविवारी बाबा गाडी पुसायचे, ऑइल बघायचे, बॉनेट उघडून तासभर रमायचे. दार राहून जायचं.

आईला दमा होता. मावशीकडून परत येताना भांडुपजवळ तिला धाप लागली आणि पर्समधल्या गोळ्या संपलेल्या. बाबांनी आग्रा रोडच्या कडेला गाडी लावली आणि ते पलीकडच्या केमिस्टकडे धावले. मी त्या दिवशी घरी होते. पुढचं आम्हाला तिथल्या केळीवालीने सांगितलं. आई काच खाली करायला बघत होती, पण हाताला जोर नव्हता. मग ती दार ओढत राहिली. ड्रायव्हरच्या बाजूला सरकायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. केळीवालीने बाहेरून दार उघडलं तेव्हा आई तिच्या अंगावरच कलंडली. बाबा गोळ्या घेऊन आले तोवर सगळं संपलं होतं.

हँडलखालच्या रेक्झिनवर तिच्या नखांचे ओरखडे राहिले होते. मी म्हटलं, तेवढंच एक पॅनेल बदलू या. बाबा म्हणाले, "नको. एकच नवं असलं की नजर तिथेच जाईल."

सुट्टीच्या दिवशी सकाळपासून आम्ही कामाला लागलो. बाबा जुनं पॅनेल ठेवून हार्डबोर्ड आखायचे, कापायचे. मी रेक्झिनला सोल्युशन लावून ताणून धरायचे, ते कडा मागे दुमडून चिकटवायचे. कामापुरतंच बोलणं. "धर." "सोड आता." "सुरकुती पडली बघ." दुपारपर्यंत तीन दारं झाली.

चौथ्याला बाबांनी हँडलची खीळ काढली, पातळ पट्टी घालून पॅनेल उचकटलं. आत एक लांब लोखंडी दांडी होती, हँडलपासून कुलपापर्यंत जाणारी. तिचं टोक सुटून लोंबत होतं. ती धरून ठेवणारी नखाएवढी क्लिप दाराच्या तळाशी धुळीत पडली होती. बाबांनी ती उचलून शर्टाला पुसली, दांडी भोकात घातली, क्लिप दाबली. मग आत बसून दार लावून घेतलं आणि हँडल ओढलं. खट्. दार उघडलं. त्यांनी पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. किती वेळा, मी मोजलं नाही.

"दोन मिनिटांचं काम होतं गं," ते म्हणाले.

"आई वर्षभर सांगत होती."

"हो."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, झटका इतका मोठा होता की दार उघडलं असतं तरी फरक पडला नसता. बाबा तेव्हा कागदांवर सह्या करत होते. त्यांना हे माहीतच नव्हतं. त्या क्षणी ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, आणि मी गिळलं. का गिळलं, तेही मला नीट कळत होतं. त्या दाराची टोचणी त्यांना सोसावी लागावी, असंच मला वाटत होतं. मी खाली बसून रेक्झिनला सोल्युशन फासत राहिले.

पॅनेल सुरेख बसलं. बाबांनी गाडी नंतर चालवलीच नाही. टायर बसले तेव्हा मरोळचा एक गॅरेजवाला येऊन ती ओढून घेऊन गेला. बाबांचं जेवण तुटलं, शर्ट खांद्यांवरून उतरायला लागले. चार महिने मी ते बघत होते. शेवटी एका सकाळी ते गवार मोडत बसले असताना मी डॉक्टरांचं बोलणं सांगून टाकलं.

ते शेंगा मोडत राहिले. "डॉक्टर असं सांगतातच."

"मी विचारलं नव्हतं बाबा. त्यांनी आपणहून सांगितलं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"राग आला होता तुमचा."

"बरोबर आहे," ते म्हणाले. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. परातीतल्या शेंगा संपवून ते हात धुवायला उठले.

पुढे आम्ही दोघं बरीच वर्षं त्याच घरात राहिलो. मला ऑफिसातून उशीर झाला की ते खिडकीत उभे असायचे, माझं ताट झाकून ठेवलेलं असायचं. पण माझ्यासमोर त्यांनी आईचा विषय कधी काढला नाही. मावशी आली की तिच्याशी तासन्‌तास बोलायचे. मी चहा घेऊन आत गेले की थांबायचे, आणि कप घेऊन म्हणायचे, "साखर बरोबर झालीय."