आजार : काही नाही

आधी चहा संपवा. माझा शहाणपणा ऐकल्यावर तो गोड लागायचा नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बंगळूरला सरकारी कारखान्यात इंजिनिअर. फॉर्म भरण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, हा माझाच समज! दादा सदा टूरवर, म्हणून वहिनीच्या ऑपरेशननंतरची सगळी धावपळ माझ्याकडे.

ऑपरेशन कशाचं? बघा, आत्ताही जीभ अडखळते. कॅन्सरचं. आमच्या घरात ते नाव कोणी घेत नसे. 'वहिनीचं ते' म्हणायचं आणि पंख्याकडे बघायचं.

डॉक्टर म्हणाले, "हलका व्यायाम हवा, नाहीतर हात आखडेल. यातलं कळणारं कोणीतरी शोधा." वहिनीचं मागणं एवढंच, "भाऊजी, फळीवरचा डबा माझा मला काढता आला पाहिजे."

इंदिरानगरात सुमित्राक्कांचा व्यायामवर्ग सापडला. बाई इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. वहिनी रिक्षातून उतरेपर्यंत मी फॉर्म भरून मोकळा! 'आजार' या रकान्यात लिहिलं, 'काही नाही'. आणि येण्याचं कारण? काहीतरी लिहायला हवं ना? 'वजन कमी करणे.'

"सांगितलंत ना त्यांना?" वहिनीनं विचारलं.

"अगदी सविस्तर!"

मग काय! उड्या, उठाबशा, दोरी. बाईंना सगळं माहीत आहे, म्हणजे बरोबरच असणार, असं धरून वहिनी बिचारी धापा टाकत करायची. खांदा दुखतो म्हटलं, तर सुमित्राक्का म्हणायच्या, "स्वल्प दुखतंच, अक्का. मग सरी होतं, बरं वाटतं." हात सुजायला लागला. मी म्हणालो, "बघा, स्नायू भरतायत!" खरंच म्हणालो हो.

दुसऱ्या महिन्यात सगळ्यांची वजनं केली. औषधांमुळे वहिनीला अन्न जात नव्हतं, तिचं सर्वांत जास्त उतरलेलं. सुमित्राक्कांनी तिला पुढे उभं केलं. "बघा या अक्कांना! अशी मेहनत पाहिजे! टाळ्या!"

सगळ्यांनी वाजवल्या. मी दारात उभा. गप्प राहिलो तर संशय येईल, म्हणून मीही वाजवल्या!

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "टाळ्या माझ्या कॅन्सरला वाजवा. वजन त्यानं उतरवलंय."

सुमित्राक्का माझ्याकडे वळल्या. "अय्यो अण्णा! पहिल्या दिवशीच सांगायचं की! माझ्या आईला पण हाच होता. अशा बायकांचा मी वेगळा वर्ग घेते, डॉक्टरांना विचारून. इथंच, याच्या आधीच्या तासाला!"

ऐकलंत? त्याच हॉलमध्ये! ज्या बायकांना आम्ही रोज दारात बाजूला होऊन वाट द्यायचो, त्याच त्या.

वहिनी त्या वर्गात गेली. सूज उतरली, पण आखडलेला हात खांद्याच्या वर काही गेला नाही. माझ्यामुळे. दुसऱ्या कोणावर ढकलायची सोयच नाही, फॉर्मवर अक्षर माझं आहे.

अजूनही त्यांच्याकडे गेलो की वहिनी मला फळीवरचा डबा काढायला लावते. मी काढून ओट्यावर ठेवतो. ती म्हणते, "आत काय आहे ते मोठ्यानं सांगा, भाऊजी. नाव घेतल्यानं कोणी मरत नाही."

आणि मी, सरकारी कारखान्यातला रिटायर्ड इंजिनिअर, ताठ उभा राहून सांगतो, "साबुदाणा."