टाकव्याच्या वाटेवरचं गॉथिक

लोणावळ्यात उभा जन्म काढलेल्या माणसानं असं करावं का, तुम्हीच सांगा! चहा घ्या आधी, गार होईल.

आमच्या निखिलला सांगलीची मुलगी पसंत पडली. तिलाही हा. मग तिचे आईवडील घर बघायला आले. जेवणं झाल्यावर आमची ही म्हणाली, "यांना भुशी डॅम दाखवू या."

झालं! मी आडवा आलो. "भुशीला काय, सगळं जग जातं. मी यांना गॉथिक चर्च दाखवतो. अस्सल, साहेबाच्या काळातलं!"

आता खरं सांगायचं, तर टाकव्याला जाताना झाडांवरून डोकावणारा एक टोकदार मनोरा मी एसटीतून पाहिला होता. एकदाच! तेवढ्या भांडवलावर ही ऐट.

आम्ही चौघं पोचलो. अहो, काय त्या उंच निमुळत्या कमानी! काय ती रंगीत काचांची गोल खिडकी! होणाऱ्या विहीणबाई मान वर करून बघतच राहिल्या. मग काय, मला चढलीच. सगळ्यांना चपला काढायला लावल्या.

"ताज्या रंगाचा वास येतोय का हो?" व्याह्यांनी विचारलं.

"डागडुजी! दीडशे वर्षांचा दगड आहे, जपावा लागतो."

पुढे पांढऱ्या गाऊनमधली नवरी आणि सुटातला नवरा उभे. मी ओठांवर बोट ठेवलं. "श्श! लग्न लागतंय." चौघंही हात जोडून उभे राहिलो!

"हा खांब बघा, एकसंध..." असं कुजबुजत मी कौतुकानं थाप मारली.

फाडकन आवाज झाला. हात कोपरापर्यंत खांबात!

"आबा, वढू नका!" तिथला राखणदार ओरडत आला. "प्लायवूड हाय, समदी कमान खाली यील! चर्च न्हाई ह्ये, लग्नाआधीचं फोटू काढायचा सेट हाय!"

मी मनात म्हटलं, गेली सोयरीक!

पण विहीणबाई हसून हसून खालीच बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "खोटी असली म्हणून काय झालं? किती देखणी कमान आहे! आमचा फोटो काढा बाई." फोटो निघाला. खांबात अडकलेल्या माझ्यासकट. आजही सूनबाईंच्या मोबाइलवर आहे तो.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "दगड खोटा निघाला. मुलाची डिग्री तरी खरी आहे ना?"

आमची ही पुढे झाली.

"अगदी खरी हो! तो माझ्यावर गेलाय."