रुमालाखालचं इंग्रजी

"तोंड बंद ठेव बे, हात दे." इंग्रजीच्या तासाला आमचे सर असं म्हणाले की नवा माणूस बुचकळ्यात पडायचा. मी शेजारच्याच वर्गात गणित शिकवायचो, त्यामुळे मला सवय होती.

सर खामगावच्या दलालाच्या घरातले. तुम्ही तिथला कापूसबाजार पाहिला असेल तर ठाऊक असेल, भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली हातात हात घेऊन बोटं दाबत. सरांनी तीच रीत वर्गात आणली. इंग्रजी शब्दाचे उच्चारताना जितके तुकडे पडतील, तितकी बोटं पोरानं दाबायची. बरोबर आलं की सर आख्खी मूठ आवळत, म्हणजे सौदा पक्का. मग शब्दाचं मूळगाव सांगत. ‘कॉटन’च्या वेळी तर त्यांची छाती फुगायची. "शब्द अरबायचा, शिक्का इंग्रजायचा, अन् माल आपला." स्वतः मात्र ते जन्मभर ‘काटन’च म्हणाले.

मराठी राज्य नवं होतं आणि सरांची नोकरी अजून कच्ची होती. पुण्याकडचे तपासनीस आले, सर राहतात की जातात ते ठरवायला. ‘काटन’ ऐकून त्यांनी नाक मुरडलं आणि तुकडे कसे शिकवता म्हणून विचारलं. सरांनी अदबीनं त्यांचा हात रुमालाखाली घेऊन दोन बोटं दाबली. साहेबांनी चटका बसल्यासारखा हात ओढला. त्यांना वाटलं, भर वर्गात लाच, आणि दोन बोटं म्हणजे दोनशे!

हेडमास्तर साहेबांची समजूत काढत राहिले. शेवटी मीच साहेबांना बाजारात नेलं, डोळ्यांनी बघा म्हटलं. तिथं त्यांना भलतीच मौज वाटली. एका दलालाच्या रुमालाखाली हात घालून त्यांनी ‘कॉटन’ची दोन बोटं दाबली. दलालानं मूठ आवळली. गाडीवान येऊन साहेबांना विचारू लागला, कापूस कुठं उतरवायचा?

दलाल सरांचा सख्खा मामा निघाला. सर धावत आले.

"मामा, साहेब माल घेऊन नाही राह्यले, शिकून राह्यले."

साहेब सुटले. जाताना सरांची नोकरी कायम करून गेले आणि उच्चाराबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पुढं सर निवृत्त होऊन मुलाकडं उंद्रीला निघाले. एसटीच्या खिडकीतून त्यांनी रुमालासकट हात बाहेर काढला. मी हात दिला. बोट एकही दाबलं नाही, आख्खी मूठच आवळली आणि सोडेनात. कोणता शब्द, सर, असं मी विचारलं.

"याचे तुकडे पडत नाहीत बा."

एसटी सुटली आणि रुमाल माझ्याच हातात राहिला.